कोंडा ओढणारी हंडी

आमच्या घरात बी.एस्सी. करणारी मी पहिली, आणि ही गोष्ट मी घरात कोणाला तासभरसुद्धा विसरू देत नसे. आठवडाभर साकोलीला मावशीकडे राहायचं, कॉलेज करायचं, आणि शनिवारी दुपारच्या एसटीनं अड्याळला घरी यायचं. पिशवीत कपडे कमी आणि ज्ञान जास्त. घरात पाय ठेवला की मी सुरू. माय चुलीत लाकूड सारत असली तर तिला ज्वलन समजावून सांगायचं, बाबा घाम पुसत असले तर त्यांना बाष्पीभवन. बाबा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेले असत, धोटा इकडून तिकडे पळत असे, आणि हात न थांबवता ते म्हणत, "आली का प्रोफेसर? बरं झालं. लाइन कवा येते ते सांग." लाइन म्हणजे वीज. ती कधी येईल ते मला सांगता येत नसे, पण म्हणून मी गप्प बसले असं एकदाही झालं नाही. लोडशेडिंगवर मी एकदा अर्धा तास बोलले होते. आज कबूल करते, त्यातलं एक अक्षरही मला कळत नव्हतं.

घर कोशाच्या विणकरांचं. कोसा म्हणजे रानातल्या किड्याचं रेशीम, मातकट सोनेरी रंगाचं. कोसे सोड्याच्या पाण्यात उकळायला ठेवले की जो वास सुटतो तो ज्यानं घेतला नाही त्याला सांगून कळणार नाही, आणि ज्यानं घेतला त्याला सांगायची गरज नाही. साकोलीच्या मैत्रिणी माझ्या ओढणीचा वास घेऊन विचारायच्या, "तुमच्या घरी मासे वाळवतात का गं?" मी ताठ मानेनं सांगायची, "रेशीम." उकडलेल्या कोशांतून माय चार-पाच तंतू एकदम ओढायची आणि उघड्या मांडीवर तळहातानं वळून त्यांचा एक धागा करायची. तिची मांडी त्या जागी काचेसारखी गुळगुळीत झाली होती. दिवसभर मागाची खटखट, मधेच तिच्या हाताची सपसप, आणि संध्याकाळी भात, लाखोळीची डाळ, जवसाची चटणी. डाळीवर सांबार, म्हणजे कोथिंबीर, बाबांना मूठभर लागायची. मला हे सगळं तेव्हा फार मागासलेलं वाटत असे. त्या डाळीची चव आता मला कुठे सापडत नाही. बहुधा तिच्यात मागाचा आवाजही शिजत असावा.

तर त्या वर्षी, जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला त्याच्या पुढच्या थंडीत, शंकरकाका भंडाऱ्याहून एक वस्तू घेऊन आला. काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. लग्न नाही, स्थिर धंदा नाही, पण योजना भरपूर. तयार लुगडी भंडाऱ्याच्या दुकानदाराकडे पोचवण्याचं काम त्याचं. परत येताना तो पितळेची भांडी घडवणाऱ्यांच्या आळीतून हिंडायचा, तिथं मोडीचे ढीग पडलेले असत. त्या ढिगातून ही वस्तू निघाली.

"वैनी, पाहा. आपलं फुटकं गुंड देल्लं अन् हे आणलं."

"पाणी भराले येते का याच्यात?" मायनं विचारलं.

"नाई."

"मंग गुंडच बरं होतं नं भाऊजी."

वस्तू होती मात्र देखणी. खाली पितळेची जाड बैठक, तिला तीन पेच, वर काचेची घुमटासारखी हंडी. आत तांब्याच्या तारेचं वेटोळं, त्यावर आकडे लिहिलेली गोल तबकडी, आणि तबकडीवर आडवी पडलेली केसासारखी सुई. मी तिच्याभोवती एक फेरी मारली, हात मागे बांधून, आमचे सर मारतात तशी. आणि निकाल दिला, "होकायंत्र आहे. जहाजावरचं." अड्याळपासून समुद्र किती लांब आहे हा प्रश्न मला पडला नाही. पडला असता तर त्याचंही उत्तर मी दिलं असतं.

मायनं हंडी उचलून बाजूला ठेवली आणि तारेकडे डोळे बारीक करून पाहिलं. "याच्या तारेले रेशीम गुंडाळलं हाय. आपलं नाई हे, पांढरं हाय, तुतीचं. अन् सुई तुटून पडली. वरून लोंबत असन ती, हा पाहा धाग्याचा तुकडा." मग तिनं एका कोशातून एकच तंतू काढला, न वळलेला, जो मला तर दिसतही नव्हता, आणि मेणाच्या थेंबानं सुई टांगून दिली. श्वास रोखून केलं तिनं ते सगळं. सुई हलली, फिरली आणि हळूहळू थांबली. मी काय करत होते? मी होकायंत्राचा इतिहास सांगत होते.

त्यानंतर मी आपला वाटा उचलला. बैठकीवर एक लहानशी पट्टी होती, काळवंडलेली, त्यावर काहीतरी कोरलेलं. पितळ काळं दिसलं की आमच्याकडे बायकांचे हात शिवशिवतात. मी चिंच, राख आणि नारळाची शेंडी घेऊन बसले आणि ती पट्टी आरशासारखी केली. त्यात माझा चेहरा दिसायला लागला, अक्षरं दिसेनाशी झाली. मी खूष.

शेवटी काच. काच पुसायला मी मायच्या टोपल्यातला कोशाचा मऊ तुकडा घेतला आणि चांगली खसाखसा पुसली. थंडी ओसरत आली होती, हवा अशी कोरडी की ओठ फुटत होते. शेजारी सुपात माय कणी पाखडत होती. सूप जवळ सरकलं आणि कोंडा उडाला. वाऱ्यानं नाही, वारा नव्हताच. कोंड्याचे कण उठून काचेला जाऊन चिकटले, दोन-चार बारीक कण्याही उडी मारून गेल्या. मी हात नेला तर आतली सुई माझ्या बोटामागे वळली. माय मागे सरकली. काका मात्र पुढे आला. 

"कुंदे, हे होकायंत्र नाई. हे राइस पुलर हाय."

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. त्या काळी आमच्या भागात एक बोलवा होती, की जुन्या तांब्याच्या एखाद्या वस्तूवर वीज पडली की तिच्यात शक्ती येते, ती तांदूळ ओढते, आणि परदेशातले शास्त्रज्ञ तिच्यासाठी कोटी-कोटी मोजतात. धानाच्या मुलखात तांदूळ ओढणाऱ्या वस्तूची स्वप्नं पडणारच. कोणी पाहिली नव्हती, पण प्रत्येकाच्या साडभावाच्या गावात कोणाकडे तरी निघाली होती.

बाबा हसले. "शंकऱ्या, अर्धा जिल्हा गेला तवा तू म्हणे का आता आपल्या वाट्याचं नशीब मोठं होईन. तेच का हे?" मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. थट्टेनं नाही, खरंच विचारलं. "काहो प्रोफेसर, होते का असं?"

इथं मी थांबून सांगते, की त्या मुलीला 'मले नाई माहीत' हे तीन शब्द म्हणता आले असते तर हे प्रकरण लिहायची वेळ आली नसती. पण ती म्हणाली, "होऊ शकते बाबा. तांब्यात आकाशातली वीज साठते. भौतिकशास्त्र आहे ते." माय बिचारी म्हणाली, "पण चुलीपासी नेलं का काईच नाई खेचत वं. मी पाह्यलं. कोसे उकडून राह्यले तिथं तं मेल्यावानी बसते." त्यावर मी तिला समजावलं की अग्नी आणि वीज यांचं जमत नाही. हे वाक्य मला कुठल्या पुस्तकात सापडलं होतं, देव जाणे.

पुढच्या आठवड्यात काकानं 'पार्टी' आणली. पांढरी जीप, दोन माणसं. एकाला दुसरा डॉक्टरसाहेब म्हणत होता. त्यांनी काळा चष्मा घरातही काढला नाही. मी त्यांच्यासमोर प्रयोग करून दाखवला, काच पुसून, कोंडा उडवून, अगदी टेचात. डॉक्टरसाहेबांनी मान डोलावली, "पावर है. दो करोड़ तक जाएगा. लेकिन पहले टेस्टिंग. मशीन बाहर से आएगी, खर्चा माल वाले का." खर्चाचा आकडा काकानं बाबांच्या कानात सांगितला. घरात तेवढ्या किमतीची एकच गोष्ट होती, बाबांचा माग. पवनीचा एक विणकर कधीपासून तो मागत होता.

बाबा भोळे नव्हते. आयुष्यभर दुकानदारांशी झगडलेला माणूस तो. काकावर त्यांचा तसूभर विश्वास नव्हता, काळ्या चष्म्यावर तर नव्हताच. रविवारी मी साकोलीला निघताना ते मला बस स्टँडवर सोडायला आले आणि शेंगदाण्याची पुडी हातात देत म्हणाले, "तुह्या पुस्तकात हाय न हे? मंग झालं. शनिवारी पवनीवाला येते. देऊन टाकतो माग." मी पुडी घेतली. खिडकीतून हात हलवला. आणि बस हलताच, पुडी न फोडता, पिशवीतलं पुस्तक बाहेर काढलं.

आठवडाभर मी पुस्तकं चाळली. कुठल्याही पानावर तांदूळ नव्हता. सरांना विचारायची लाज. शनिवारी सकाळचं प्रॅक्टिकल संपल्यावर मी गोमाजीमामांपाशी रेंगाळले. गोमाजीमामा आमच्या प्रयोगशाळेतले परिचर, खाकी सदरा, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. सर प्रयोग शिकवायचे, आणि तो खरोखर व्हावा हे मामा बघायचे.

"मामा, समजा एखाद्याच्या घरी एक जुनं यंत्र असलं…"

"एखाद्याच्या म्हणजे तुह्याच. सांग."

मी सांगितलं. ते बाटल्या पुसत होते, पुसतच राहिले. "बुडाले पेच किती?"

"तीन."

"तारेवर सूत हाय का रेशीम?"

"रेशीम."

"सुई खिळ्यावर बसली का धाग्याले लोंबते?"

"धाग्याला. तुटला होता, मायनं कोशाचा एक तंतू लावला."

इथं मात्र बाटली खाली ठेवली त्यांनी. "एकेरी तंतू? अन् सुई थांबते सरळ? तुही माय कारागीर हाय वं. आमचा असा धागा तुटला तं मोठे सर दोन महिने वाट पाहत होते, कोणाले लावता येईना." मग बाटली पुन्हा उचलून म्हणाले, "ग्यालव्होनामीटर हाय ते. तारेत वीज हाय का नाई, किती हाय, ते मोजते. तांदूळ नाई मोजत."

"पण कोंडा ओढते मामा. मी डोळ्यांनी पाहिलं."

"काच कायनं पुसली?"

"कोशाच्या फडक्यानं."

त्यांनी कपाटातला एक व्होल्टमीटर काढला. त्याला काहीही जोडलेलं नव्हतं. माझ्याच कोशाच्या ओढणीचं टोक घेऊन त्यांनी त्याची काच दोनदा घासली. सुई उठली आणि अर्ध्यावर जाऊन उभी राहिली, जणू कोणी हाक मारली. मग चष्म्यावर मारतात तशी त्यांनी काचेवर तोंडाची वाफ मारली. हाऽ. सुई खाली बसली. "कोरडी काच रेशमानं घासली का वीज धरते. वाफ लागली का सोडते. दुसऱ्या धड्यात हाय तुह्या."

दुसरा धडा. मी तो पाठ केला होता. परीक्षेत त्यावर पूर्ण गुण घेतले होते. आणि मायची चूल मला आठवली, उकळत्या कोशांची वाफ, जिच्यापाशी ती हंडी मेल्यासारखी बसायची.

"मग मामा, त्याची किंमत?" निलाजरेपणा बघा, मी तरी विचारलंच.

"मोडवाल्याले पितळेच्या भावानं. आपल्या कॉलेजले फुकट नको, नवे आले. जुन्या चीजा जमवणारे राहतेत, त्याहिच्या लेखी लय मोल, पण बनवणाऱ्याचं नाव पाहिजे. बुडापासी पट्टी असन. वाचली का?"

मी वाचली नव्हती. मी ती घासली होती. पुढे बऱ्याच वर्षांनी नागपूरच्या एका जाणकारानं भिंग लावून त्या पट्टीवर दोन अक्षरांचे खालचे पाय शोधले, आणि मला विचारलं, "बाई, हे कोणी केलं हो?" मी म्हटलं, "आमच्याकडे एक फार हुशार मुलगी होती." त्यानं उरलेल्या यंत्राची किंमत बरी सांगितली, पट्टी असती तर काय झाली असती तेही सांगितलं. ती दुसरी किंमत मी मुलांना सांगत नाही.

दुपारच्या एसटीत मी वाक्यं जुळवत बसले. अशी वाक्यं, ज्यांत चूक तर कबूल होईल पण चूक करणारी दिसणार नाही. लाखनी येईस्तोवर चार तयार झाली होती. एकातही 'मी' नव्हता. अड्याळला उतरून आमच्या गल्लीच्या तोंडाशी आले आणि सगळी वाक्यं गेली. खटखट ऐकू येत नव्हती. सुतक सोडून आमच्या घरातला माग दिवसा कधी बंद झालेला मी ऐकला नव्हता.

दारात जीप. ओसरीवर डॉक्टरसाहेब आणि त्यांचा जोडीदार चहा पीत होते, पवनीवाला पैसे आणि टेम्पो घेऊन यायची वाट बघणं चाललं होतं. मधे पाटावर ती हंडी, तिला काकानं हळदकुंकू लावलेलं. आत बाबा मागाशेजारी उकिडवे बसले होते, हातात कात्री. ताणा कापलेला होता. ताणा म्हणजे मागावर ताणलेले उभे धागे, शेकड्यांनी. माग हलवायचा तर तो कापावाच लागतो. त्यांनी फणीमागून, म्हणजे धागे ज्या दातेरी चौकटीतून जातात तिच्या मागून, कापून उरलेला ताणा गुंडाळून ठेवला होता, आणि मागावर त्याची टोकं लोंबत होती, अर्धवट विणलेल्या लुगड्यासकट. बाबांनी वर पाहिलं. "आली? जेवून घे."

मी ओसरीवर गेले. हंडीवर वाकले आणि हाऽ केलं. मग शेजारचं कोंड्याचं सूप तिच्याजवळ सरकवलं. कण हलला नाही.

"अरे! छू दिया लड़की ने! पावर सो गई!" डॉक्टरसाहेब उठले.

"उठवते ना," मी म्हटलं. कोशाच्या फडक्यानं काच घासली, कोंडा उडाला. हाऽ केलं, कोंडा पडला. पुन्हा घासली, पुन्हा उडाला. काकाचं तोंड उघडं ते उघडंच. मग मी आत जाऊन खुंटीवरचा कंदील आणला, त्याची काच काढून त्याच फडक्यानं घासली, आणि सुपाशी नेली. कोंडा धावत कंदिलाच्या काचेला चिकटला.

चुलीपासून उठून माय दारात येऊन उभी होती. ती कंदिलाकडे बोट करून अगदी गरिबीनं म्हणाली, "साहेब, याचे किती देता? असे तं आमच्याकडे दोन हायेत."

जोडीदार आधी जीपमध्ये बसला. डॉक्टरसाहेब काहीतरी रागानं बोलले, आमच्या खानदानाबद्दल, पण जीप सुरू झाल्यामुळे नीट ऐकू आलं नाही. ते गेल्यावर मी बाबांसमोर उभी राहिले आणि बसमधलं एकही वाक्य आठवेना. "बाबा, मले माहीत नोतं. मी उगाच सांगतलं." इतकंच निघालं, आणि तेही साकोलीच्या नव्हे, घरच्या बोलीत. बाबांनी कात्री खाली ठेवली. तेवढ्यात पवनीवाला टेम्पो घेऊन आला. बाबा त्याला म्हणाले, "माग नाई विकायचा आता. राग नका धरू. या, पाणी घ्या."

मग सुरू झालं सांधणं. कापलेलं प्रत्येक टोक त्याच्या मूळ जोडीदाराशी जोडायचं, बोटाला राख लावून पीळ द्यायचा, गाठ मारायची, शेपूट कापायची. एका धाग्याची चूक झाली तर पुढचे सगळे एकमेकांत अडकतात. मी आठवडाभर कॉलेज बुडवलं. माझी एक गाठ होईस्तोवर मायच्या चार. पहिल्या दिवशी मी एक धागा शेजारच्याला जोडला आणि वीतभर काम उलगडावं लागलं. तेव्हा मायनं मला काहीही समजावलं नाही, ज्वलन नाही, बाष्पीभवन नाही. नुसता माझा अंगठा धरून कसा वळवायचा ते दाखवलं. काका टोकं धरून बसायचा. चौथ्या दिवशी म्हणाला, "कुंदे, कंदील तरी घासून ठेव वं, लाइन जाईन आता." बाबा हसले आणि घरात पुन्हा बोलणं सुरू झालं.

आठव्या दिवशी बाबा खड्ड्यात पाय सोडून बसले. गाठी फणीतून जायच्या होत्या, एकेक, फणीच्या बारीक दातांमधून. आम्ही तिघं शेजारी उभे. बाबा हलक्या हातानं ओढत होते, धोटा नेहमीच्या निम्म्या वेगानं जात होता. गाठींची रांग फणीत शिरली आणि टक् झालं. मग आणखी एक टक्. बाकी सगळ्या पलीकडे गेल्या. बाबांनी माग थांबवला आणि तुटलेले दोन धागे हातात घेतले.

"कोणाच्या होत्या रे त्या दोन?" काकानं विचारलं.

मायच्या गाठीला शेपूट नसे, माझ्या गाठीला गव्हाएवढं असे. बाबांच्या बोटांत दोन्ही शेपटं स्पष्ट दिसत होती. त्यांनी मान वर केली नाही. मी मायकडे पाहिलं, मायनं माझ्याकडे.

"मायच्या," मी हसू दाबून, जुन्या प्रोफेसरच्या टेचात, मोठ्यानं म्हणाले.

आणि माय, राखेचा हात पदराला पुसत, म्हणाली, "हाव. माह्याच होत्या."